नफा दिसतो, मग पैसे कुठे गेले? छोट्या धंद्यात पैशाच्या या चुका टाळा

धंदा बंद पडला की लोक म्हणतात, माल खपला नसेल. पुष्कळदा ते खरंही असतं. पण माल खपतोय, ऑर्डरी हातात आहेत, वहीत नफा दिसतोय आणि तरीही कुलूप लागलं, असे धंदेही कमी नाहीत. त्यांचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते वाचू शकले असते. गिऱ्हाईक होतं, हातात कसब होतं, बाजारात नाव होतं. पगाराच्या तारखेला खात्यात पैसे मात्र नव्हते.

खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. पैसे किती येणार याचा हिशोब सगळे करतात, कधी येणार याचा फार थोडे करतात.

नफा म्हणजेच रोकड, असं धरून चालणं

कपाटं बनवणारं एक छोटं वर्कशॉप धरा. त्याला एका कंपनीकडून १०० ची ऑर्डर मिळते. चलन कुठलंही धरा, गणित तेच राहतं. लाकूड, प्लाय, बिजागऱ्या यांचे ५० पहिल्याच दिवशी रोख द्यावे लागतात. महिनाअखेरीस मजुरीचे २० आणि भाडं-विजेचे १० जातात. उरतात २०, म्हणजे २० टक्के नफा. ऐकायला उत्तम.

आता तारखा बघा. माल तिसाव्या दिवशी तयार होतो. तो पोचवून बिल लावेपर्यंत पस्तिसावा दिवस उजाडतो. कंपनीची मुदत ६० दिवसांची, म्हणजे पैसे हातात येणार ९५ व्या दिवशी, तेही सगळं वेळेवर झालं तर. दरम्यान दर महिन्याला अशीच एक नवी ऑर्डर सुरू होते. पहिल्या महिन्याअखेर ८० बाहेर गेलेले असतात, दुसऱ्या महिन्याअखेर १६०, तिसऱ्या महिन्याअखेर २४०. ९१ व्या दिवशी चौथ्या ऑर्डरचं लाकूड आणलं की आकडा २९० वर जातो. तीन ऑर्डरी पूर्ण झाल्या, त्यांवरचा ६० नफा मालकाने मनात धरलेला आहे, आणि खिशातून मात्र २९० गेले आहेत. एक रुपयाही अजून परत आलेला नाही. हे २९० म्हणजे त्या धंद्याचं खेळतं भांडवल. ते आधीपासून बाजूला ठेवलेलं नसेल, तर नफ्यातला हा धंदा तिसऱ्याच महिन्यात अडतो.

आता हीच ऑर्डर ४० टक्के आगाऊ घेऊन करा. बाकी काही बदलू नका. सगळ्यात जास्त अडकणारी रक्कम २९० वरून १३० वर येते. त्यावर मुदत ६० ऐवजी ३० दिवसांची करून घ्या, ती ९० वर येते. भाव वाढवला नाही, मजुरी कापली नाही, एकही नवं गिऱ्हाईक शोधलं नाही. फक्त तारखा हलल्या. भावावर तासभर घासाघीस करणारा माणूस पैसे कधी मिळणार हे दोन वाक्यांत उरकतो, तेव्हा मला खरंच हळहळ वाटते.

यासाठी एकच कागद पुरतो: पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता. दर आठवड्याला एक रकाना. वर सुरुवातीची शिल्लक, मग येणारे पैसे, मग जाणारे पैसे, खाली अखेरची शिल्लक. येणारे पैसे बिलावरच्या तारखेला लिहू नका. ते गिऱ्हाईक एरवी ज्या दिवशी खरोखर देतं, त्या आठवड्यात लिहा. जाणाऱ्यात वर्षातून एकदाच येणारा विमा, तिमाही कर, यंत्राची दुरुस्ती हेही धरा. मग सगळ्यात खालची ओळ वाचत जा आणि सर्वांत लहान आकडा कुठल्या आठवड्यात येतो ते शोधा. तो उणे असेल तर तुम्हाला ते काही आठवडे आधी कळलं, आणि त्या आठवड्यांतच उपाय करता येतो. दर सोमवारी तक्ता एक आठवडा पुढे सरकवायचा.

ऑर्डर मोठी आली म्हणून उडी मारणं

वरच्या वर्कशॉपला दरमहा दोन ऑर्डरी मिळू लागल्या तर २९० चे ५८० होतात. नफा दुप्पट व्हायच्या आधी खड्डा दुप्पट होतो. वाढ पैसे खाते, आणि आधी खाते.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. फिल नाईट आणि बिल बॉवरमन यांनी १९६४ मध्ये प्रत्येकी ५०० डॉलर घालून जपानी धावण्याचे बूट विकायला सुरुवात केली. पुढे त्याचीच नाइकी झाली. विक्री झपाट्याने वाढत होती आणि येणारा प्रत्येक पैसा पुढच्या, आणखी मोठ्या खरेदीत जात होता. खात्यात शिल्लक अशी राहतच नव्हती. १९७५ मध्ये चेक परत जायची वेळ आली आणि बँकेने हात वर केले. निस्शो या जपानी व्यापारी कंपनीने बँकेचं देणं फेडलं म्हणून धंदा तरला. विक्रीत दोष नव्हता. वेगाला पुरेल इतकी रोकड नव्हती.

मायकेल डेल यांच्या संगणक कंपनीची १९९३ मध्ये जवळपास हीच गत झाली. वाढीचा वेग प्रचंड, पण रोकड आटत चालली आणि तोट्याची तिमाही पाहावी लागली. त्यानंतर त्यांनी कंपनीचा प्राधान्यक्रमच बदलला: आधी हातातली रोकड, मग नफा, मग वाढ. माल साठवून ठेवण्याऐवजी ऑर्डर आल्यावर संगणक जोडायचा आणि पुरवठादाराला पैसे देण्याआधी गिऱ्हाईकाकडून घ्यायचे, या घडीवर त्यांनी पुढची वर्षं काढली.

छोट्या धंद्याने यातून एवढं घ्यावं: नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर आली की होकार देण्याआधी ती तेरा आठवड्यांच्या तक्त्यात बसवून बघावी. बसत नसेल तर ऑर्डर नाकारायलाच हवी असं नाही. माल टप्प्याटप्प्याने द्या, टप्प्यागणिक बिल लावा, कच्च्या मालापुरती तरी आगाऊ रक्कम मागा. तीही द्यायची तयारी नसलेलं गिऱ्हाईक प्रत्यक्षात तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज मागत असतं.

भाव अंदाजाने ठरवणं

जोसाया वेजवूड हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा नामांकित कुंभार-उद्योजक. १७७२ मध्ये तिकडे पत-बाजार, म्हणजे कर्ज-उधारीचा बाजार, कोसळला, मागणी घटली, माल साठून राहिला. तेव्हा तो हिशोबाच्या वह्या घेऊन बसला आणि प्रत्येक वस्तूला नेमका किती खर्च येतो ते काढू लागला. साचे, नमुने, भाडं, कारकुनांचे पगार हे खर्च माल कमी केला तरी तेवढेच राहतात, हे त्याला त्यात दिसलं. वह्या तपासताना आपला मुख्य कारकून पैशांची अफरातफर करतोय हेही उघडकीला आलं. अडीचशे वर्षं झाली, पण तंगी येईपर्यंत वस्तूनिहाय खर्च न काढण्याची सवय अजून तशीच आहे.

इथे एक गफलत वारंवार होते. १०० ला पडलेल्या वस्तूवर २५ टक्के चढवून ती १२५ ला विकली, की मालक म्हणतो, मला २५ टक्के सुटतात. विक्रीच्या हिशोबात ते २० टक्केच असतात. मग त्याच मनातल्या पंचविसाच्या भरवशावर सूट दिली जाते. २० टक्के सुटणाऱ्या मालावर १० टक्के सूट दिली तर सुटणारी रक्कम निम्मी होते. पूर्वीइतकेच पैसे हातात पडायला माल दुप्पट विकावा लागेल. सूट देण्याआधी स्वतःला विचारा: दुप्पट विकला जाणार आहे का? बहुतेक वेळा उत्तर स्पष्ट असतं.

आणि स्वतःचा पगार खर्चात धरा. तो न धरता काढलेला भाव खोटा असतो.

उधारी मागायला संकोच करणं

बिल माल दिला त्याच दिवशी जायला हवं. आठवडाअखेर एकत्र पाठवू, असं म्हटलं की मुदतही आठवडाभराने पुढे जाते. पैसे देणारा माणूस आणि ऑर्डर देणारा माणूस बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात. पहिल्या बिलाच्या वेळीच लेखा विभागातल्या माणसाचं नाव आणि त्यांना बिलावर काय काय लागतं ते विचारून ठेवा. ऑर्डर क्रमांक नाही म्हणून बिल महिनाभर पडून राहणं फार सामान्य आहे. तारखेच्या चार दिवस आधी एक नम्र आठवण करा, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी फोन. यात भिडस्तपणाचं काही कारण नाही. काम तुम्ही केलेलं आहे.

निव्वळ नफा १० टक्के असलेल्या धंद्यात १०० ची उधारी बुडाली, तर ती भरून काढायला १,००० ची विक्री करावी लागते. म्हणून नव्या गिऱ्हाईकाला किती उधारी द्यायची ही मर्यादा माल देण्याआधी ठरवा. निम्म्याहून अधिक विक्री एकाच गिऱ्हाईकाकडे असेल तर दुसरं शोधण्याचं काम आजपासून सुरू करा, ते गिऱ्हाईक कितीही चांगलं असलं तरी.

भलत्या कामाला भलतं कर्ज

पाच-सात वर्षं चालणारं यंत्र घ्यायला दीर्घ मुदतीचं कर्ज, आणि दोन-तीन महिन्यांत विकल्या जाणाऱ्या मालासाठी अल्प मुदतीचं, हा साधा नियम आहे. उलटं केलं की गळफास बसतो: यंत्राने कमवायला सुरुवात करायच्या आतच पूर्ण परतफेडीची तारीख येते.

व्याजदर ऐकताना तो सरसकट मूळ रकमेवर आहे की उतरत्या शिल्लकेवर, हे विचारल्याशिवाय सही करू नका. वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर मूळ रकमेवर १२ टक्के सांगितले, तर उतरत्या शिल्लकेच्या हिशोबाने तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, कारण फेडलेल्या पैशांवरही तुम्ही व्याज भरत असता. प्रक्रिया शुल्क वेगळंच. दुसऱ्या बाजूला, पुरवठादार ३० दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट देत असेल, तर ती सोडणं म्हणजे जास्तीच्या २० दिवसांसाठी २ टक्के मोजणं, म्हणजेच वर्षाला सुमारे ३७ टक्क्यांनी पैसे वापरणं. हातात रोकड असेल तर ती सूट घ्या.

बँकेकडे पैशांची निकड नसताना जा. आकडे चांगले असताना मंजूर करून ठेवलेली कर्जमर्यादा वाईट महिन्यात कामी येते. वाईट महिन्यात मागायला गेलात तर वाईट महिन्याचेच आकडे दाखवावे लागतात. घरच्यांचे किंवा मित्रांचे पैसे घेणार असाल तर ते कर्ज आहे की भागीदारी, हे कागदावर लिहा. भागीदार कितीही जिवाभावाचा असला तरी कोण किती घालणार, कोण किती काढणार आणि वेगळं व्हायचं झाल्यास काय, हे पहिल्या महिन्यातच ठरावं.

धंद्याचं आणि घरचं खातं एकच ठेवू नका. गिऱ्हाईकाकडून वसूल केलेला कर दुसऱ्या खात्यात काढून ठेवा. तो तुमचा नाहीच.

यशोगाथेतून भलताच धडा घेणं

फेडएक्स या कुरियर कंपनीचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी सत्तरच्या दशकात कंपनीकडे उरलेले ५,००० डॉलर घेऊन लास व्हेगास गाठलं, जुगारात सुमारे २७,००० जिंकले आणि इंधनाचं बिल भरलं, ही गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. तसंच करून हरलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मला सारा ब्लेकली यांचं उदाहरण कितीतरी उपयोगाचं वाटतं. स्पँक्स ही बायकांच्या अंतर्वस्त्रांची कंपनी उभी करताना त्यांनी स्वतःच्या बचतीतले ५,००० डॉलर घातले, फॅक्स यंत्रं विकायची नोकरी लगेच सोडली नाही आणि पेटंटचा अर्ज बराचसा स्वतःच लिहिला. खर्च कमी, पगार चालू, त्यामुळे चुकायला वेळ मिळाला. २०२१ पर्यंत कंपनीची मालकी त्यांच्याकडेच होती.

पैसे आधीच अडकले असतील तर

आज खातं रिकामं असेल तर आधी तक्ता मांडा, अर्धवट का होईना. स्वतःची उचल थांबवा किंवा कमी करा. सगळ्यात मोठी तीन येणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना स्वतः फोन करा. पूर्ण नाही तर अर्धे आज मागा. न हलणारा माल पडत्या भावाने का होईना काढा. देण्यांमध्ये कामगारांचे पगार आणि कर आधी. बाकीच्यांना तारीख उलटायच्या आधी फोन करून किती देऊ शकता आणि कधी, हे नेमकं सांगा, आणि जमेल तेवढीच तारीख द्या. पुरवठादार उशीर सहन करतात. फोन न उचलणारा माणूस त्यांना सहन होत नाही. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं, आणखी महाग कर्ज मात्र घेऊ नका. त्याऐवजी तोच तक्ता घेऊन बँकेत जा आणि हप्त्यांची मुदत वाढवून मागा. किती महिने हवेत, याचं उत्तर तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आहे.