फुटबॉल रेफरीची परीक्षा पास झालात? आता या चुका टाळा

लेखी पेपर सुटला, धावण्याची चाचणी निघाली, बॅज हातात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रत्येक नवा रेफरी विचारायला लागतो, "मोठ्या मॅचेस कधी मिळणार?" रस्ता ठरलेला आहे: आधी जिल्हा संघटना, मग राज्याची विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), तिथून अखिल भारतीय महासंघाचं पॅनल आणि निवडक लोकांसाठी फिफाची आंतरराष्ट्रीय पंचांची यादी. पण नियम पाठ नसल्यामुळे मागे राहिलेले रेफरी कमीच. बहुतेकांना त्यांच्या सवयी अडवतात.

फ्लॅग नको, शिट्टी हवी

लाइनवर फ्लॅग घेऊन सहायक पंच व्हायचं नाही, शिट्टी घेऊन मुख्य पंचच व्हायचं: सगळ्यात महागात पडणारा हट्ट हाच. "लाइनवर असेल तर जमणार नाही" असं नेमणुका करणाऱ्याला दोनदा ऐकवलंत, तर तिसऱ्यांदा फोन येत नाही. भारताचा संघ २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये नव्हता, पण कोमलीश्वरन शंकर होते, सहायक पंच म्हणून. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला १७ वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपला गेल्या, त्याही फ्लॅग घेऊनच. फिफाच्या यादीसाठी मुख्य पंचाचं वय किमान २५ लागतं, सहायकाला २३ चालतं. लाइनला कमी लेखणाऱ्यांनी हा हिशेबही करून बघावा.

लाइनवर नवशिक्याचा एक घोटाळा ठरलेला असतो. पास निघाला, एक फॉरवर्ड ऑफसाइड जागेवर (बॉल आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांच्याही पुढे) दिसला, की फ्लॅग वर! तेवढ्यात मागून दुसराच, ऑनसाइड असलेला खेळाडू बॉल घेऊन सुटतो आणि रेफरीने तर शिट्टी मारलेली असते. ऑफसाइड जागेवर नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेणं हा गुन्हा. म्हणून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहा, बॉल नक्की कुणाकडे जातोय ते कळेपर्यंत थांबा आणि मगच फ्लॅग उचला. प्रेक्षक "झोपलाय का?" म्हणून ओरडतील. ओरडू द्या.

कार्ड दाखवलं, लिहिलं नाही

गडबडीत कार्ड खिशात जातं आणि नंबर डोक्यातच राहतो. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली, खरंतर दुसऱ्यालाच बाहेर काढायचं असतं. दुसरं कार्ड ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरच्या नावावर नोंदलं गेलं होतं, आणि शिमुनिचचाही नंबर ३ च होता. इतक्या अनुभवी माणसाचं असं होतं, तर आपली काय कथा! आधी संघ, मग नंबर, मग मिनिट लिहा, आणि खेळ सुरू करण्याआधी सहायकाकडे एक नजर टाका.

रिपोर्ट म्हणजे उरकायचं काम

वरच्या समितीतल्या बहुतेकांनी तुमची मॅच पाहिलेली नसते, त्यांच्यापुढे फक्त कागद असतो. "निळ्या संघाच्या ८ नंबरने गैरवर्तन केले म्हणून लाल कार्ड दिले" या वाक्यावर कुठलीच समिती धड कारवाई करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: "६३ व्या मिनिटाला, खेळ थांबलेला असताना, निळ्या संघाचा क्र. ८ याने लाल संघाच्या क्र. ५ च्या छातीवर दोन्ही हातांनी जोरात ढकलले. मी १० मीटरवर होतो, मध्ये कुणी नव्हते." शिवी दिली असेल तर तीही जशीच्या तशी लिहा, सभ्य करून नको. "बहुधा", "मुद्दाम असावे" असले शब्द गाळा. लाजत लिहिलेला रिपोर्ट शिस्त समितीपुढे पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

जुन्या पुस्तकावर शिट्टी

नियमांतले बदल दरवर्षी १ जुलैपासून लागू होतात. २०२५ चा बदल घ्या: गोलकीपरने बॉल हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरीने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे असतात. पूर्वी मर्यादा ६ सेकंदांची होती, इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) मिळायची आणि ती देताना फारसं कुणी दिसायचं नाही. असेसर, म्हणजे तुमच्या कामाला गुण देणारा निरीक्षक, नेमकं अशाच ठिकाणी बघतो.

चाचणीपुरती धावाधाव

फिफाच्या पुरुष रेफरींच्या चाचणीत ४० मीटरच्या सहा धावा असतात, प्रत्येक ६ सेकंदांत. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं आणि २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दहा फेऱ्या. हे तीन आठवड्यांत होत नाही.

आपली पेठ, आपली तालीम

कोल्हापुरात फुटबॉल संघ पेठांमधल्या तालमींचे असतात, त्यामुळे तिथे हा मुद्दा जास्तच टोकदार. ज्या तालमीकडून खेळलात किंवा जिथे भाऊ खेळतो, तिची मॅच शाहू स्टेडियमवर मिळाली तर नेमणूक घेण्याआधीच कळवा. निर्णय शंभर टक्के बरोबर दिलात तरी मॅचनंतर चर्चा तुमच्या पेठेचीच होते, आणि ती चर्चा असेसरच्या कानावरही जाते.

असेसरशी मैदानातच वाद घालू नका. त्याचं म्हणणं लिहून घ्या, पटलं नसेल तर दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा. आणि शनिवारी "हो" म्हणून रविवारी सकाळी फोन बंद ठेवू नका. त्या दिवशी तुमच्या जागी ऐनवेळी धावत आलेल्या पोराला पुढच्या आठवड्याची सेमीफायनल मिळाली, तर तक्रार करायला तुम्हाला जागा उरत नाही.