चादरी शिवता ना? मग सरकारी टेंडर भरा

सोलापुरात माझं शिलाईचं छोटं युनिट आहे. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, मी टेंडर भरते हे कळल्यापासून ओळखीच्या बायका कागद घेऊन येतात आणि पहिलं हेच विचारतात, "ताई, ते तीन टक्के आपल्याला कसे मिळणार?"

केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची असते. त्या २५ मधलेच ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी, २०१८ पासून. पण हे वर्षाचं लक्ष्य आहे, प्रत्येक टेंडरमधली राखीव जागा नाही. घरबसल्या कुणी ऑर्डर आणून देणार नाही, टेंडर आपणच भरायचं.

सुरुवात उद्यम नोंदणीपासून, म्हणजे केंद्राकडे आपल्या लघुउद्योगाची नोंद करण्यापासून. ती आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. एकटीचा धंदा असेल तर मालक म्हणून तुमचंच नाव हवं. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा बायकांचा हवा. नवऱ्याच्या नावावरच्या दुकानात तुम्ही दिवसभर मशीन चालवलीत, तरी कागदावर तो महिला उद्योग होत नाही. दुसरं, कामाचा प्रकार 'उत्पादन' लिहा. नुसत्या व्यापारी नोंदणीला सरकारी खरेदीतली सवलत नाही. चादरी-अभ्र्यांसाठी एनआयसीचा, म्हणजे उद्योगांच्या सरकारी वर्गवारीतला, १३९२ हा गट येतो, कपडे-गणवेशांसाठी १४१०. मग तोच उद्यम क्रमांक जेमच्या प्रोफाइलमध्ये जोडा.

आता टेंडरची पीडीएफ. ती पूर्ण वाचल्याशिवाय दर टाकायचा नाही, ही माझी अटच असते. त्यात 'एमएसई परचेस प्रेफरन्स' (खरेदीत सूक्ष्म-लघुउद्योगांना प्राधान्य) समोर 'येस' आहे का बघा. अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट आहे का, ते वेगळ्या ओळीत असतं आणि ती सूट प्रत्येक टेंडरमध्ये असतेच असं नाही. खरेदीदाराने शेवटी जोडलेल्या अटी तर दोनदा वाचा. कापडाचं वजन, नमुना कधी द्यायचा, माल कुठे पोचवायचा, सगळं तिथेच दडलेलं असतं. टेंडर भरताना ठेवायची बयाणा रक्कम उद्यमवर माफ होते. ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम नीट पूर्ण होईल याची अनामत, मात्र माफ होत नाही, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

खरी परीक्षा दराची. समजा १००० चादरी हव्यात आणि सगळ्यात कमी दर एका मोठ्या कंपनीचा, २०० रुपये. तुमचा दर २३० च्या आत असेल, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत, तर तुम्हाला विचारलं जातं: २०० ला देता का? हो म्हणालात तर सहसा २५ टक्के माल, म्हणजे २५० चादरी तुमच्या. काही टेंडरमध्ये पूर्ण मालही मिळतो. पण सगळ्यात कमी दर दुसऱ्या लघुउद्योगाचाच असेल तर ही संधी नाही.

म्हणून दर टाकण्याआधीच कागदावर मांडा: कापड, कटिंगमधली घट, शिलाई, दोरा, पॅकिंग, भाडं, जीएसटी. जेमवरचा दर सगळं धरून, माल पोच करून असतो. सोलापुरातून नागपूरला गठ्ठे पाठवायचं भाडं विसरलात तर नफा तिथेच गेला. २०० ला परवडत नसेल तर नाही म्हणा. ऑर्डर घेऊन माल न देणं फार महागात पडतं, पुढची टेंडरंही अडकतात. पहिल्यांदा जवळच्या ठिकाणचं, छोट्या संख्येचं टेंडर निवडा. राज्य सरकारची टेंडरं महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर निघतात, तिथे डिजिटल सही लागते आणि नियमही वेगळे असतात.

माल पोचला की स्वीकृतीचा दाखला पोर्टलवर निघाला का याचा पाठपुरावा करा. त्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. पैसे ४५ दिवसांच्या पुढे अडले तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायची. त्यासाठी ऑर्डरची प्रत, पोच पावती आणि बिल एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.