धाप लागलेल्या रुग्णाजवळ बसताना: पॅलिएटिव्ह केअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, वॉर्डात नवीन आलेल्या नर्सला आणि ज्युनियर डॉक्टरला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९६ टक्के दिसतंय, तरी पेशंट म्हणतोय, "श्वास पुरत नाही." अशा वेळी मशीनवर विश्वास ठेवून पेशंटला "सगळं नॉर्मल आहे" असं सांगू नका. पल्स ऑक्सिमीटर फक्त रक्तातला ऑक्सिजन मोजतो. धाप ही संवेदना आहे. मेंदू जेवढ्या श्वासाची मागणी करतो तेवढं काम छातीचे स्नायू आणि फुप्फुसं करू शकत नाहीत, तेव्हा जीव घाबरा होतो. वेदनेसारखीच तीही ज्याला होते त्यालाच विचारावी लागते. शून्य ते दहाच्या बोर्ग स्केलवर (शून्य म्हणजे धाप अजिबात नाही, दहा म्हणजे सर्वात जास्त) आकडा विचारा आणि तो लिहून ठेवा.

ऑक्सिजन खरोखर कमी असेल तर तो द्यायचाच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) रुग्णात ही मर्यादा बहुधा ८८ ते ९२ टक्के असते. पण ऑक्सिजनची पातळी फारशी खाली गेलेली नसेल तर? २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशा रुग्णांना नाकातल्या नळीतून काहींना ऑक्सिजन आणि काहींना साधी हवा दिली होती. ऑक्सिजनने साध्या हवेपेक्षा जास्त आराम पडला नाही. म्हणून माझा हात आधी पंख्याकडे जातो.

बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा छोटा पंखा. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि वारा गालांवर, नाकाभोवती, वरच्या ओठावर येऊ द्यायचा. चेहऱ्याच्या या भागाची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नर्व्हला गारवा जाणवला की धाप कमी वाटते. केंब्रिजमध्ये ५० रुग्णांवर झालेल्या, २०१० सालीच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच मिनिटं चेहऱ्यावर आणि पाच मिनिटं पायावर वारा देऊन तुलना केली होती. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप जास्त उतरली. पंखा शक्यतो पेशंटच्याच हातात द्या. आपल्या त्रासावर आपल्याकडे काही उपाय आहे, ही जाणीवही आराम देते. मात्र हवेतून पसरणाऱ्या संसर्गाची शंका असेल तर पंखा वापरू नका, गार ओला रुमाल चेहऱ्यावरून फिरवा.

आता बसण्याविषयी. पाठीमागे उशांचा ढीग रचला की काम झालं असं अनेकांना वाटतं. दहा मिनिटांनी पुन्हा येऊन बघा. पेशंट खाली घसरलेला असतो, मान पुढे दुमडलेली आणि पोट वर दाबलं गेलेलं. त्यामुळे डायफ्रामला (छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूला) खाली सरकायला जागाच उरत नाही. गुडघ्यांखाली उशी दिली की घसरणं थांबतं. बसता येत असेल तर समोर टेबल ओढून त्यावर उशी ठेवा, कोपर आणि हात टेकवून पुढे झुकू द्या. हातांना आधार मिळाला की खांदे स्थिर होतात आणि छातीचे वरचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. फार थकलेल्या माणसाला कुशीवर, डोक्याची बाजू उंच करून झोपवा. आणि विचारा, कारण प्रत्येकाची सोयीची स्थिती वेगळी असते. नातेवाइकांना ती बऱ्याचदा आपल्याआधी माहीत असते.

"दीर्घ श्वास घ्या" हे वाक्य मात्र या वॉर्डात बोलू नका. सीओपीडीमध्ये आधीच आत हवा कोंडलेली असते, आणखी हवा ओढायला सांगितली की घुसमट वाढते. "सोडा, हळूहळू सोडा," एवढंच म्हणा. ओठ किंचित मिटून, समोर मेणबत्ती आहे आणि तिची ज्योत न विझता नुसती हलली पाहिजे, अशी लांब फुंकर. त्यामुळे श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. आत येणारा श्वास आपसूक येतो.

शब्द कमी, आवाज खालचा. "काका, माझ्याकडे बघा, माझ्याबरोबर सोडा." मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारा. दम लागलेल्या माणसाला पूर्ण वाक्य बोलायला लावणं हा त्याला त्रास आहे.

पण हे सगळं धाप नसताना शिकवायचं, यावर मी सर्वात जास्त भर देते. घाबरलेला माणूस नवीन काही शिकत नाही, सवय झालेलं तेवढंच करतो. म्हणून सकाळी, पेशंट शांत असताना, त्याच्याकडून आणि घरच्यांकडून फुंकर, पंखा, झुकून बसणं हे सगळं करून घ्या. मग कोणी काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळ लावा: पंखा कुठे ठेवला आहे, कोण उशी देणार, कोणाला फोन करायचा. धाप लागल्यावर सगळे जण पलंगाभोवती गोळा होतात, त्यापेक्षा एकानेच जवळ बसावं.

धापेच्या भीतीने माणूस हालचाल सोडतो, स्नायू आणखी अशक्त होतात, मग थोड्याशा कष्टातही दम लागतो. हे चक्र तोडायला फिजिओथेरपिस्टला लवकर बोलवा. उठताना, वाकताना, पायरी चढताना जोर लावायच्या क्षणी श्वास सोडायचा, बसून अंघोळ करायची, चालताना चाकांचा वॉकर धरायचा, एवढ्यानेही दिवस सोपा होतो.

एक सीमा पक्की लक्षात ठेवा. धाप अचानक वाढली, छातीत दुखू लागलं, ओठ निळे पडले, पेशंट गुंगीत जाऊ लागला किंवा एकच पाय सुजला, तर पंखा धरत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. हे उपाय औषधांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत.

ड्युटी बदलताना नोंदीत फक्त सॅच्युरेशन लिहून थांबू नका. धापेचा आकडा आधी किती होता, नंतर किती झाला, कुठल्या बाजूला वळवल्यावर बरं वाटलं, पंखा चालला की नाही, हेही लिहा. रात्री येणाऱ्या नर्सला तिथूनच सुरुवात करता येईल.