शेतात भुयार लागलं? मूळ शोधण्याआधी या चुका टाळा

मे महिना, गिरणाकाठचं एक गाव. पडक्या गढीला लागून बापूंनी घराच्या पायासाठी जेसीबी लावला होता. सकाळी बकेट खाली आपटली, गोल दगडाचं झाकण फुटलं आणि आत काळंकुट्ट भोक दिसलं. मी चाळीसगावहून पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तोवर आतली चार ट्रॉली माती बापूंच्याच कपाशीच्या वावरात पडली होती. पोरं मोबाईलचा टॉर्च लावून आत उतरून आली होती, आणि गावाच्या ग्रुपवर भुयाराचं मूळ ठरूनही गेलं होतं. कुणी पांडवांचं म्हणत होतं, कुणी गवळी राजाचं, कुणी खानदेशच्या जुन्या फारुकी सुलतानाच्या खजिन्याचं. आतल्या भिंतीवर ओळीनं उभ्या रेघा होत्या, त्यांना एका कॉलेजकुमारानं 'ब्राह्मी लिपी' ठरवलं होतं.

मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही. पाटणादेवी, पितळखोरा, भामेर, थाळनेर अशी वर्षानुवर्षं पायपीट केलेला हौशी माणूस आहे. पण त्या दिवशी जे झालं ते मी याआधी तीन ठिकाणी बघितलं आहे, आणि चुकाही जवळपास त्याच असतात.

माती उपसून फेकणे

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातल्या.

आपल्याला वाटतं, खोली म्हणजे ऐवज आणि आतली माती म्हणजे कचरा. असतं नेमकं उलटं. दगडात खोदलेल्या पोकळीला स्वतःचं वय सांगता येत नाही. ती कधी वापरात होती, कधी पडीक झाली, कधी बुजली हे आत थरांनी साचलेली माती सांगते.

इंग्लंडमधलं रॉयस्टन गाव घ्या. ऑगस्ट १७४२ मध्ये तिथल्या लोणी बाजारात बाकडं रोवताना जमिनीत एक जात्याचा दगड लागला. तो बाजूला केला तर खाली अरुंद विवर, आणि त्याखाली खडूच्या खडकात कोरलेली, घंटेच्या आकाराची खोली. साधारण आठ मीटर उंच, पाच मीटर रुंद, अर्धीअधिक मातीनं भरलेली. लोकांना वाटलं खजिना असणार, म्हणून माती भराभर उपसली. एक कवटी, काही हाडं, भांड्याचे तुकडे निघाले. सोनं न निघाल्यामुळे माती फेकून दिली. मग भिंती मोकळ्या झाल्या, तर त्यांवर ख्रिस्ती संतांच्या आकृत्या कोरलेल्या! स्टुकली नावाचे अभ्यासक म्हणाले, रोइसिया नावाच्या सरदारीण बाईंचं हे प्रार्थनास्थळ. पार्किन नावाचे पाद्री म्हणाले, छे, त्याहून जुनं, सॅक्सन काळातलं. पुढे टेम्पलर सरदारांची गुप्त जागा, एखाद्या संन्याशाची गुहा, मठाचं कोठार, गारगोटीची खाण असे तर्क येत राहिले. पावणेतीनशे वर्षं उलटली तरी वाद मिटलेला नाही, कारण तो मिटवू शकणारा साक्षीदार पहिल्या काही दिवसांतच टोपल्यांनी बाहेर गेला.

आता आपल्या दाराशी या. पाटणादेवीच्या जंगलातून वर चढून गेलं की पितळखोऱ्याची लेणी लागतात. शतकानुशतकं दरडी कोसळून चौथ्या लेण्याचं अंगण ढिगाऱ्याखाली गेलं होतं. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तो ढिगारा रीतसर हलवला. गिरणेकाठी बहाळचं उत्खनन करणारे ते हेच. ढिगाऱ्याखालून हत्तींची रांग, द्वारपाल आणि पायऱ्या निघाल्या. आणि निघाला एक बुटका, ढेरपोट्या, खदखदून हसणारा यक्ष. त्याच्या हातावर ब्राह्मीत कोरलंय: कन्हदासेन हिरमकारेन कता. कन्हदास सोनारानं केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आणि धंदा, दोन्ही! तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो ढिगारा कुणी जेसीबीनं दरीत लोटला असता, तर तिथेही आज पांडवच सांगितले गेले असते.

*माती आधीच निघाली असेल तर?* बहुतेकदा निघालेलीच असते, म्हणून सांगतो. ती विस्कटू देऊ नका. ट्रॉली जिथे रिकामी झाली तिथेच ढीग राहू द्या, वरून ताडपत्री टाका. ज्यानं उपसली त्याला त्याच दिवशी विचारून लिहून घ्या: वरची माती कुठल्या ढिगात, तळाची कुठल्या. खापरं, कोळसा, हाडं, बांगड्यांचे तुकडे, जळके दाणे दिसले तर धुऊ नका. ढिगाप्रमाणे वेगळ्या पिशव्या करा आणि आत चिठ्ठी टाका. आत माती शिल्लक असेल तर तिला हात नको. ती शिल्लक आहे यातच सगळी आशा आहे.

पांढरीच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून वावरात टाकायची आपली जुनी सवय. खानदेशातली कितीतरी जुनी वस्ती अशी कपाशीच्या मुळाशी गेली.

नावावरून मूळ ठरवणे

पाटणच्या, म्हणजे पाटणादेवीच्या, डोंगरात 'नागार्जुन कोठडी' आहे. नाव ऐकून वाटतं बौद्ध असणार. आत गेलात तर समोर जैन तीर्थंकर बसलेले. जवळच 'सीतेची न्हाणी' आहे आणि 'शृंगार चावडी'ही. सीतामाईनं तिथं न्हाऊन घेतलं की नाही हा श्रद्धेचा विषय, पण खोदकामाच्या काळाशी त्या नावाचा संबंध नाही. लेणं ओस पडतं, मागची वस्ती उठते, नवी माणसं येतात आणि त्यांना माहीत असलेल्या गोष्टीतलं नाव देतात. नाव जरूर नोंदवा. ते लोकांच्या आठवणीचा पुरावा आहे, छिन्नीचा नाही.

'गवळी राजा'चंही तेच. खानदेशात कर्ता सापडला नाही की काम गवळी राजाच्या नावावर जातं, आणि गवळी राजा कमी पडला तर पांडव एका रात्रीत येऊन करून जातात. बिचाऱ्यांना वनवासात झोप म्हणून मिळाली नसावी.

चुना नाही म्हणून हेमाडपंती

हा शिक्का सुशिक्षितांचा. चुन्याशिवाय रचलेले दगड दिसले की 'हेमाडपंती, तेरावं शतक'. हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांच्या दरबारी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. पाटणचं महादेवाचं देऊळ सगळे हेमाडपंतीच म्हणतात. तिथला निकुंभ राजघराण्याचा शिलालेख मात्र शके १०७५ चा, म्हणजे इसवीसन ११५३ चा आहे. हेमाद्रीच्या शंभरेक वर्षं आधीचा!

याच पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा शके ११२८ चा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला दिल्याची नोंदही आहे. लेख सापडला की तर्क कसा जमिनीवर येतो बघा: शून्यातून पांडव काढण्याऐवजी आपण बाजारकरावर बोलू लागतो.

कोरीवकाम आणि खोली एकाच काळाची मानणे

अजिंठ्याचं दहावं लेणं इसवीसनापूर्वीचं. त्याच्या खांबांवरची बरीच चित्रं पाचव्या शतकातली. आणि त्यातल्या एका चित्रावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव खरवडून ठेवलंय. एकाच खोलीत तीन काळ. गंमत म्हणजे ती अक्षरं आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. त्या काळी आत साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता! म्हणजे गाळ किती होता हेसुद्धा खरवडण्याच्या उंचीवरून कळतं.

म्हणून भिंतीवर काही दिसलं तर जमिनीपासून किती उंचीवर आहे ते आधी टेपनं मोजा. मग फोटो काढा, बाजूला पट्टी धरून, उजेड एका बाजूनं तिरपा पाडून. खडू, कुंकू, तेल लावून अक्षरं 'उठवू' नका. आणि प्रत्येक रेघ म्हणजे लिपी नव्हे.

रॉयस्टनलाही हेच लागू. संतांच्या आकृत्या मध्ययुगीन, एवढ्यावरून खोलीही त्याच हेतूनं खोदली असं सिद्ध होत नाही. कुणीतरी आयत्या खोलीत येऊन कोरलं असेल.

हे भुयार थेट किल्ल्यात निघतं

"हाई भुयार थेट लळिंगपावत जास," हे मी सोनगीरच्या बाजूला चहाच्या टपरीवर ऐकलंय. लळिंगचा किल्ला तिथून पंचवीस-तीस किलोमीटर, मध्ये काळा कातळ आणि वर पांझरा नदी. खरा जमिनीखालचा लांब मार्ग कसा असतो ते बघायचं तर बऱ्हाणपूरला जा. ती खानदेशची जुनी राजधानी, आज मध्य प्रदेशात. तिथे मोगलांनी १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा बांधला. सातपुड्याकडून तापीकडे मुरत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं, आणि हवा-उजेडासाठी, गाळ काढण्यासाठी त्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या ठेवल्या. वर विहिरींसारखी तोंडांची रांगच दिसते. एवढ्या लांबीच्या भुयाराला श्वास घ्यायला तोंडं लागतातच. तुमच्या भुयाराची पुढची कुंडी दाखवा, मग लळिंगचं बघू.

घरातलीच वस्तू न ओळखणे

किल्ल्यावर कातळात खोदलेली, खांब सोडलेली, अंधारी खोली दिसली की लोक 'कैदखाना' म्हणतात. बहुतेकदा ते खांबटाकं, म्हणजे पाणी साठवायचं टाकं असतं. भिंतीवर पाण्याच्या पातळीचे डाग दिसतील, वर पन्हळी येऊन मिळालेल्या दिसतील. दरवाजा नसतो, तोंड असतं.

आणि पेव. 'पेव फुटलं' आपण दिवसातून चारदा म्हणतो, पण तिशीखालच्या किती जणांनी पेव बघितलंय? वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घागरीसारखं रुंद पोट, आतून कडबा लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. रॉयस्टनच्या खोलीचा छेद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, अरे, हे तर आपलं पेव! अर्थात आकार सारखा म्हणून काम सारखं, हीही एक चूकच. पण कुठल्याही पोकळीबद्दल पहिला प्रश्न 'कुणी खोदली' हा नसावा. 'हिचा उपयोग काय होता' हा असावा. तोंड केवढं आहे, पाणी आत येतं की बाहेर ठेवलंय, दिव्यासाठी कोनाडा आहे का, छिन्नीचे व्रण वरून खाली आलेत की आडवे, भिंत काजळलेली आहे का. एवढ्या पाच गोष्टींनी निम्मे तर्क गळून पडतात.

'कार्बन डेटिंग करा, वय कळेल'

दगडाचं कळत नाही. कार्बन पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूला लागू पडते: कोळसा, लाकूड, हाड, दाणे. त्या वस्तू कुठल्या थरात होत्या हे माहीत असेल तरच त्या तारखेला अर्थ. म्हणजे पुन्हा मातीच.

दोरी बांधून उतरणे आणि गुपचूप बुजवणे

बंद पोकळीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. पेवात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या गोष्टी जुन्या लोकांना विचारा. कंदील विझला तर धोका नक्की, पण कंदील तेवतोय म्हणजे हवा चांगली, असं नाही. मोबाईलचा टॉर्च तर काहीच सांगत नाही. कुणी आत बेशुद्ध पडलं तर दुसऱ्यानं मागोमाग उडी घेऊ नये, अग्निशमन दलाला बोलवावं.

बुजवण्यामागे भीती असते: 'सरकार वावर घेईल.' भोक सापडलं म्हणून सातबारा जात नाही. उलट, जमिनीत मौल्यवान ऐवज सापडला आणि तो लपवला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो गुन्हा ठरतो, आणि सापडणाऱ्याचा त्यातला हक्कही जातो. कळवला तर हक्क शाबूत राहतो. तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. त्या परिसरात आधी काय सापडलंय हे बघायचं असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे.

आता बापूंचं भुयार. त्या दिवशी आम्ही ढिगांवर ताडपत्र्या टाकल्या आणि संध्याकाळी ओट्यावर बसून भरीत आणि कळण्याची भाकर खात होतो. तर्क चालूच होते, फारुकींचा खजिना आघाडीवर. बापूंची नव्वदीची आई दाराशी शेंगा फोडत बसली होती. सहज तिला मोबाईलवर त्या रेघांचा फोटो दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"त्या रेघा मन्हा सासरानी मारेल शेतस," ती म्हणाली. "पेवमाईन पोता काढे, तव्हय मोजाले."

बापू घास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. "माय, मंग सकायपासून सांगं का नही?"

"माले कोनी इचारंच नही," म्हणत तिनं पुढची शेंग उचलली.