भुसा टाकू नका: ॲसिड सांडल्यावरची पहिली दहा मिनिटं

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले तेव्हा बीएस्सीच्या केमिस्ट्रीवर माझा भारी भरवसा होता. तिसऱ्याच आठवड्यात फोर्कलिफ्टचा काटा एका निळ्या ड्रममध्ये घुसला. पितळ आणि तांब्याचे सुटे भाग ज्या बाथमध्ये, म्हणजे ॲसिडच्या टाकीत बुडवून उजळवतात, ते वापरून झालेलं बाथ त्यात काढून ठेवलेलं होतं. ड्रमवर खडूने एकच शब्द लिहिलेला: ‘वेस्ट’.

तेल सांडलं की आमच्याकडे लाकडाचा भुसा टाकायचे. तोच टाकला गेला. पोतं कुठे आहे ते मीच बोट करून दाखवलं होतं, हेही सांगून टाकते. बघता बघता भुसा काळा पडला, धुमसू लागला आणि त्यातून विटकरी रंगाचा धूर उठला. आमचे शिफ्ट इन्चार्ज भाऊसाहेब लांबूनच ओरडले, “वारा पाठीवर घ्या आधी, मग काय ते बोला!”

ड्रममध्ये नायट्रिक आणि सल्फ्युरिकचं मिश्रण होतं. नायट्रिक नुसतं जाळत नाही, ते ऑक्सिडायझर आहे. भुसा, चिंध्या, पुठ्ठा, लाकडी पॅलेट, जे जे जळू शकतं ते त्याच्या संगतीत पेटू शकतं, आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा तो विटकरी धूर फुप्फुसात जातो. परीक्षेत हे सगळं मी लिहून आले होते. शेडमध्ये एक अक्षर आठवलं नाही.

त्या दिवशी दोघांना खोकला लागला. तासाभरात दोघेही “काही नाही मॅडम, बरं वाटतंय” म्हणत घरी निघाले होते. भाऊसाहेबांनी त्यांना जबरदस्तीने गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि एकाला डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. या धुराची खोड अशी की माणूस आधी ठणठणीत वाटतो आणि फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरुवात होते. म्हणून धूर ज्याच्या नाकात गेला त्याला ‘बरं वाटतंय’ या शब्दावर घरी सोडायचं नाही.

औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात नव्याने येणारे मला बहुतेक वेळा एकच विचारतात: ॲसिड सांडलं तर त्यावर काय टाकायचं? प्रश्नच उलटा आहे. आधी विचारायचं, आत काय आहे. एकट्या ॲसिडला नाव असतं, बाटलीवर लेबल असतं, कपाटात त्याची सुरक्षा माहितीपत्रिका असते. मिश्रण बहुधा कारखान्यातच तयार होतं आणि त्याला नाव असतं ते कामगारांनी ठेवलेलं: ‘पिवळं पाणी’, ‘डीप’, ‘जुना बाथ’. त्याची पत्रिका कुणी बनवलेली नसते. पहिल्या दहा मिनिटांत तुमचं काम असतं माणसं बाहेर काढणं, वारा बघणं, वाट अडवणं आणि ते पाणी कोणत्या टाकीतलं हे ज्याला माहीत आहे त्या माणसाला शोधून काढणं. तो बहुतेक वेळा कंत्राटी कामगार असतो आणि घाबरलेला असतो. त्याच्यावर ओरडलात तर तो तोंड उघडणार नाही.

रस्त्यावरच्या टँकरचं त्या मानाने बरं. मोटार वाहन नियमांप्रमाणे घातक मालाच्या गाडीवर माहितीचा फलक लागतो आणि त्यावर चार आकडी यूएन नंबर, म्हणजे त्या रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक असतो. 1830 म्हणजे तीव्र सल्फ्युरिक, 1789 हायड्रोक्लोरिक, 2031 नायट्रिक, 1796 नायट्रिक-सल्फ्युरिकचं मिश्रण, 1786 हायड्रोफ्लोरिक-सल्फ्युरिकचं. एवढे पाच पाठ करा. आपत्कालीन मार्गदर्शक पुस्तिकेत यातल्या बहुतेकांना 157 नंबरचं पान लागू होतं, आणि द्रव सांडला तर सुरुवातीला चारही बाजूंनी किमान 50 मीटर मोकळं करा, असं ते पान सांगतं. टँकरच आगीत सापडला तर 800 मीटर. नाशिकच्या गरवारे पॉइंटसारख्या गजबजलेल्या ठिकाणी 50 मीटर म्हणजे किती टपऱ्या, किती रिक्षा, किती मोबाइल वर करून उभे असलेले लोक, हे एकदा सुट्टीच्या दिवशी पावलांनी मोजून या. मी मोजलंय. कागदावरचे 50 मीटर फार छोटे दिसतात.

आता पाण्याबद्दल, कारण इथे नवखे हमखास गोंधळतात. माणसाच्या अंगावर ॲसिड उडालं तर पाणी ताबडतोब, भरपूर, निदान 15 मिनिटं, कपडे काढून. लाजायचं नाही, डॉक्टरांची वाट बघायची नाही. पण जमिनीवरच्या तीव्र सल्फ्युरिकच्या थारोळ्यात पाण्याचा पाइप सोडायचा नाही. ते पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन-दोनपट जड असतं, घनता 1.84. पाणी वर तरंगतं, उष्णतेने जागीच उकळतं आणि ॲसिडसकट अंगावर उडतं. पाणी एकच, पण माणसावर वेगळं आणि फरशीवर वेगळं.

सांडलेलं ॲसिड मारायला सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकतात, त्याचा हिशोबही एकदा हाताने करून बघा, मग स्टोअरला किती पोती ठेवायची यावर वाद घालता येतो. 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक, 50 लिटरचा एक कारबॉय (मोठा कॅन): वजन सुमारे 92 किलो, त्यात शुद्ध ॲसिड 90 किलो. ते पूर्ण मारायला 97 किलोच्या आसपास सोडा ॲश लागतो, म्हणजे 50 किलोची दोन पोती. आमच्या स्पिल किटमध्ये, म्हणजे सांडलेलं आवरायच्या पेटीत, पाच किलोचा डबा होता, छान लाल रंगाचा, ऑडिटवाल्यांना फार आवडायचा. बरं, दोन पोती आहेत म्हणून ती एकदम ओतायची नाहीत. एवढ्या प्रक्रियेतून साधारण 22 घनमीटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात किंवा बंद खोलीत साचतो. शिवाय फेस आणि उष्णता. कडेने आत, थोडं थोडं, फेस बसू देत. आधी बांध घालून पसरणं थांबवलं असेल तर घाई करायचं कारणच राहत नाही.

बांधासाठी वाळू चालते, पण तिथेही आधी विचारा, आत हायड्रोफ्लोरिक आहे का? स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये, म्हणजे ॲसिडने धातूचा थर साफ करताना, नायट्रिकबरोबर ते थोडं घालतात. हायड्रोफ्लोरिक काच खातं तसं वाळूलाही खातं आणि विषारी वायू सोडतं. तिथे चुना किंवा कॅल्शियम कार्बोनेट बरं, कारण फ्लोराइड कॅल्शियमला धरून खाली बसतं. माणसाच्या शरीरातही ते कॅल्शियमच शोधत जातं. सौम्य असेल तर आधी दुखतही नाही, बोटांच्या आत ठणका कित्येक तासांनी सुरू होतो. जिथे हे ॲसिड वापरतात तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी तेवढं एक मागून घ्या. आधी पाण्याने धुणं, मग जेल, आणि दवाखान्यात जाताना ट्यूब व रसायनाचं नाव लिहिलेला कागद सोबत. डॉक्टरांना नुसतं ‘ॲसिड’ सांगितलं की ते नेहमीचा भाजल्याचा उपचार करतात, त्यांचा त्यात दोष नाही.

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या छोट्या युनिटमध्ये गेलात तर आणखी एक गोष्ट आधी बघायची. सायनाइडचा बाथ आणि ॲसिडचा बाथ यांचं सांडपाणी एकाच नालीत येतं का? दोन्ही भेटले की हायड्रोजन सायनाइड, जीवघेणा वायू. याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तशी एकच नाली दिसली तर बाहेर येऊन मालकाशी बोला.

नोकरीचं म्हणाल तर वाट सरळ आहे. विज्ञानाची पदवी किंवा इंजिनीअरिंगची पदवी-डिप्लोमा, कारखान्यातला अनुभव आणि वर्षभराचा औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा. राज्यात तंत्रशिक्षण मंडळाचा आहे, मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतही होतो. 1948 च्या कारखाने कायद्यात 1000 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावाच लागायचा; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. घातक प्रक्रिया असेल तर जुन्या कायद्यात कमी कामगारांच्या कारखान्यालाही नेमायला सांगता यायचं. त्या अधिकाऱ्याला कामगारांची भाषा यायला हवी, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आज नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या शेडमध्ये निम्मी पोरं बिहार-उत्तर प्रदेशची. ‘वारा पाठीवर घ्या’ हे मला हिंदीत सुचायला दोन वर्षं लागली. आता “हवा पीठ पर लो” एवढंच ओरडते, आणि दर ड्रिलला तेच, म्हणजे खरोखरीच्या वेळी ते कानाला ओळखीचं वाटतं.

एससीबीए (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा श्वसन-मास्क) लावून आत जाण्याचा मोह नव्या मुलांना फार. प्रशिक्षण नसेल, जोडीदार नसेल तर जायचं नाही. अग्निशमन दलाला 101 वर फोन करताना ‘ॲसिड गळतंय’ म्हणू नका. यूएन नंबर, अंदाजे लिटर, धुराचा रंग आणि कोणत्या गेटने या म्हणजे वारा पाठीवर राहील, एवढं सांगा.

आणि रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात शेडच्या नालीत बादलीभर साधं पाणी ओतून ते कुठे निघतं ते बघा. आमच्याकडे नकाशाप्रमाणे ते ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये, जायला हवं होतं. मी पाण्याच्या मागे मागे चालत गेले, तर ते कंपाउंडच्या भिंतीखालून पावसाळी गटारात निघालं. ते गटार पुढे नंदिनी नदीला मिळतं आणि नंदिनी गोदावरीला. शेडच्या बाजूच्या त्या तोंडाला त्याच दुपारी विटा आणि सिमेंट लावून घेतलं, नकाशा मात्र दुरुस्त व्हायला आठ महिने लागले.