आरव्ही मालकाकडून घ्यावी की कंपनीकडून? अमेरिकेत भाड्याने घेताना या चुका टाळा

आउटडोर्सी किंवा आरव्हीशेअर या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर कुणाची तरी स्वतःची आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी (मोटरहोम), दिवसाला अमुक डॉलरला दिसते, क्रूझ अमेरिकासारख्या कंपनीचा आकडा वेगळा दिसतो, आणि जो कमी तो पक्का करून आपण मोकळे होतो. इथेच घोडं पेंड खातं, कारण या दोन आकड्यांत सारख्याच गोष्टी धरलेल्या नसतात.

कंपनीच्या दरात बऱ्याचदा मैल नसतात, त्यांचे पैसे वेगळे. भांडीकुंडी, चादरी-उशा यांचंही भाडं निराळं. मालकाच्या गाडीत हे सामान सहसा असतंच, रोजचे काही मैलही मोफत मिळतात. पण मग सफाईचा खर्च, प्लॅटफॉर्मची फी आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त जनरेटर चालवल्याचे पैसे वर चढतात. समजा, १० दिवसांत १,५०० मैल जायचंय आणि मैलाचा दर ४५ सेंट आहे. मोफत मैल नसतील तर नुसते मैलांचेच ६७५ डॉलर झाले. मालकाने रोज १०० मैल मोफत दिले असतील तर २२५. उलट एकाच कॅम्पग्राउंडवर तळ ठोकणार असाल तर मोफत मैल घेऊन करायचं काय? तेव्हा आधी मार्ग आखा, मग दर बघा. इंधन मात्र दोन्हीकडे सारखंच जातं: ड्रायव्हरच्या केबिनवर झोपायचा बंक असलेल्या ‘सी क्लास’ प्रकारच्या आरव्हीला गॅलनमागे साधारण ८ ते १० मैल.

दर जुळवले तरी माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे: गाडी बंद पडली तर दुसरी कुठून येणार? कंपनीकडे ताफा असतो, ठिकठिकाणी डेपो असतात. उशिरा का होईना, बदली गाडी मिळण्याची शक्यता तरी असते. मालकाकडे बहुधा तेवढी एकच. तुमच्या आधीच्या भाडेकरूने ती कुठे ठोकली तर तुमचं बुकिंगही गेलं. प्लॅटफॉर्म रस्त्यावरची मदत पाठवतो, पैसे परत करतो. पण ऐन जुलैत, नॅशनल पार्कमधली जागा सहा महिने आधी धरून ठेवलेली असताना, परत आलेले पैसे घेऊन काय करणार? लांबचा, रोज मुक्काम बदलणारा प्रवास असेल तर मी कंपनीकडे झुकतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल तरीही कंपनीच बरी. एका जागी राहायचं असेल तर मालक. काही मालक गाडी थेट कॅम्पग्राउंडवर आणून, वीज-पाणी जोडून देतात. मग एवढं धूड चालवायची धास्तीच नको.

विम्याबाबत लोक फार गाफील असतात. ‘माझ्या कारचा विमा आहे, क्रेडिट कार्डाचंही संरक्षण आहे’ हे आरव्हीला बहुतेकदा लागू पडत नाही. छताला किंवा गाडीच्या खालच्या बाजूला झालेलं नुकसान अनेक करारांत भाडेकरूच्याच माथी असतं, आणि झाडाच्या फांदीला घासतं ते नेमकं छतच. मालक म्हणाला, ‘फी वाचवू, पैसे मला थेट पाठवा,’ तर तिथेच नमस्कार करा. व्यवहार प्लॅटफॉर्मबाहेर गेला की त्याचा विमाही गेला आणि दाद मागायची सोयही. भारतातलं लायसन्स असलेल्या पाहुण्याला चालवायला द्यायचं असेल तर ते चालेल का, हे बुकिंगआधी लेखी विचारा.

लांबीही लेखीच घ्या. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यात २१ फुटांहून लांब गाडी सोडत नाहीत. जाहिरातीतल्या मॉडेलच्या आकड्यावर जाऊ नका. बंपर ते बंपर किती, ते विचारा.

ताब्यात घेताना घाई करू नका, मालकाच्या गाडीत तर मुळीच नाही. टायरच्या कडेला ‘डीओटी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार अंक २३१९ असतील तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. आरव्ही वर्षातले बरेच दिवस उभीच असते, त्यामुळे नक्षी कोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. मग केबिनवरच्या बंकचे कोपरे अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागले किंवा कुबट वास आला तर पाणी गळतंय. फोटो, व्हिडिओ काढायचे ते मालकाच्या समोरच.

रस्त्यात अडलात तर लगेच फोन फिरवू नका. जनरेटर सुरू होत नाही? इंधनाचा काटा बघा. टाकी पाव भागाच्या खाली गेली की बहुतेक मोटरहोममध्ये जनरेटरला इंधन मिळत नाही; शेवटच्या थेंबापर्यंत जनरेटर चालून तुम्ही रानात अडकू नये म्हणून केलेली ती सोय आहे. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावल्यावर वीज गेली असेल तर ब्रेकर पडलाय: ३० अँपिअरच्या जोडणीवर जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. गॅसवरचा फ्रिज गार होत नसेल तर गाडी सपाट जागी आहे का ते बघा, आणि त्याला रात्रभर वेळ द्या. मैल्याची टाकी रिकामी करूनही ‘दोन तृतीयांश भरलेली’ दाखवत असेल तर सेन्सरला घाण चिकटली आहे. हे नेहमीचंच. पण घेतानाच काटा तसा असेल तर फोटो काढून ठेवा, नाहीतर परत देताना टाकी रिकामी न केल्याचा दंड तुमच्या नावावर लागेल.