सीपॅनेलमधले ॲक्सेस लॉग उतरवून जपून कसे ठेवावेत

सांगलीत हळद-बेदाण्याच्या पेढीची वेबसाइट असो की एखाद्या क्लासची, होस्टिंग बहुधा शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) असतं आणि साइट सांभाळायला हाती सीपॅनेल नावाचं कंट्रोल पॅनेल असतं. पानांत परक्या जाहिराती घुसल्या की मग ॲक्सेस लॉगची, म्हणजे साइटवर कुणी कधी काय उघडलं त्या नोंदींची, शोधाशोध सुरू होते, आणि हाती लागतो तो फक्त ताजा लॉग. कारण सर्व्हर साधारण दर २४ तासांनी भेटींची आकडेवारी काढतो आणि साठवायला सांगितलेलं नसेल तर काम झालेला लॉग टाकून देतो. म्हणून ही सोय साइट धडधाकट असतानाच करून ठेवा.

सीपॅनेलमध्ये ‘मेट्रिक्स’खाली ‘रॉ ॲक्सेस’ उघडा. वर दोन चौकटी दिसतील. पहिली लॉग होम डिरेक्टरीत (तुमच्या खात्याच्या मुख्य फोल्डरमध्ये) साठवण्याची, तिच्यावर टिक करा. दुसरी मागच्या महिन्याचे साठवलेले लॉग महिनाअखेरीस पुसण्याची, तिची टिक काढा. मग ‘सेव्ह’ दाबा. न दाबता पान बंद केलं तर काहीच बदलत नाही.

खालच्या यादीत डोमेनवर क्लिक केलं की चालू लॉग जीझेड (दाबलेली) फाइल म्हणून उतरतो. त्याखाली महिनावार साठवलेल्या फाइली असतात. नावात डोमेन, महिना आणि वर्ष. इथे हमखास चूक होते. एकाच डोमेनच्या दोन फाइली असतात, साधी (एचटीटीपीची) आणि एसएसएलची (सुरक्षित एचटीटीपीएसची). आता जवळजवळ सगळी ये-जा एचटीटीपीएसवरून होते, त्यामुळे खरा माल एसएसएलच्या फाइलीत असतो. साधीत बहुतेक रीडायरेक्टच (एचटीटीपीएसकडे वळवल्याच्या नोंदी) सापडतात. दोन्ही उतरवा.

महिना संपल्यावर लगेच १ तारखेला घाई नको. शेवटच्या दिवसाची आकडेवारी निघून जाऊ द्या, ३ तारखेला उतरवा. फाइल मॅनेजरमधल्या ‘लॉग्ज’ फोल्डरमधला आकार आणि तुमच्याकडे आलेला आकार जुळतो का बघा, मग सेव्हन-झिप या फाइल उलगडायच्या प्रोग्राममध्ये ‘टेस्ट’ चालवा. मॅकवर सफारी काही वेळा उतरवतानाच फाइल उलगडून टाकते, तेव्हा आकार जुळणार नाही. तपासणी झाली की मगच सर्व्हरवरची जुनी फाइल काढा. वर्षभराच्या फाइली तिथेच साचू दिल्या तर जागेचा कोटा भरतो आणि मेल यायचा थांबतो.

फाइल उघडली की वेळेच्या शेवटी असलेला आकडा आधी बघा. +०५३० असेल तर ती आपली वेळ. +०००० असेल तर साडेपाच तास मिळवा. १ सप्टेंबरला पहाटे चारला झालेला प्रकार अशा लॉगमध्ये ३१ ऑगस्टच्या तारखेने सापडेल.

वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर एकाच आयपीकडून (इंटरनेट पत्त्यावरून) ‘पोस्ट’ (माहिती पाठवणाऱ्या) विनंत्यांची रांग दिसते, पुढे प्रत्येकीला सर्व्हरचा उत्तर-कोड २००. म्हणजे लॉगिन पानच पुन्हा दिसतंय, पासवर्ड चुकतोय. त्याच रांगेत एखादी ३०२ (दुसऱ्या पानाकडे पाठवणी) आली तर बहुधा पासवर्ड लागला. पुढच्या ओळी बारकाईने वाचा. साइट क्लाउडफ्लेअर या मधे उभ्या राहणाऱ्या सेवेमागे असेल तर मात्र आयपी पाहुण्याचा आहे की क्लाउडफ्लेअरचा, हे आधी होस्टिंगवाल्यांना विचारा.

किती दिवस ठेवायचे? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं आहे. आमच्या मते लहान पेढीनेही वर्षभराचे ठेवावेत. मजकूर दाबून फारच लहान होतो, जागेची सबब चालत नाही. लॉगमध्ये लोकांचे आयपी असतात, तेव्हा कुणालाही उघडता येणाऱ्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरमध्ये ते चुकूनही ठेवू नका.

प्रती दोन हव्यात, आणि दोन्ही एकाच तळमजल्यावर नकोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. एक डिस्क मारुती चौकातल्या दुकानात असेल तर दुसरी मिरजेत किंवा विश्रामबागेत वरच्या मजल्यावर ठेवा.